पोट गच्च, पाठ रिकामी

वाचकांचे प्रश्न : गाभण मेंढ्यांची चराई आणि खुराक

यावेळी आलेल्या पत्रांत गाभण मेंढ्यांचेच प्रश्न जास्त आहेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते, राग मानू नका. लांब पत्रं थोडी कापलीत पण भाषा तुमचीच ठेवलीय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्याकडे चाळीस मेंढ्या आहेत, जवळपास सगळ्या शेवटच्या महिन्यात. गवत गुडघ्याएवढं आहे, सकाळी सोडतो ते संध्याकाळीच आणतो, पोटं अशी झालीत की दारातून आत येताना दोन्हीकडे घासतात. तरी एक मेंढी तीन-चार दिवस कळपापासून लांब उभी राहायला लागली, मग बसली ती उठलीच नाही, आत दोन कोकरं होती. आता दुसरी तसंच करतेय, भिंतीला डोकं लावून उभी असते, जवळ गेलं तरी बिचकत नाही. शेजारी म्हणतात काहीतरी विषारी खाल्लं असणार. गवत भरपूर आहे म्हणजे उपासमार तर नक्कीच नाही.

उत्तर : शेवटचं वाक्य सोडलं तर तुम्ही सगळं अगदी बरोबर टिपलंय. गडबड त्या शेवटच्या वाक्यात आहे. मला तरी ही मेंढी उपाशीच वाटते, पोट भरून उपाशी.

गवत गुडघ्याएवढं झालं म्हणजे ते म्हातारं झालं. तुरे आले, काडी निबर झाली, खालची पानं वाळली, आणि अशा गवतात प्रोटीन पाच-सहा टक्क्यांवर येऊन ठेपतं. मेंढीच्या पोटात चारा पचवणारे जे जिवाणू असतात त्यांचं स्वतःचंच भागायला साधारण सात टक्के लागतं, ते नाही मिळालं की ते सुस्तावतात, काडी पोटात नेहमीपेक्षा जास्त वेळ पडून राहते आणि पुढचा घास घ्यायला जागाच होत नाही. म्हणजे तुम्हाला जे गच्च पोट दिसतंय त्यात गाभ पण आहे आणि न पचलेली काडी पण आहे, आणि दोघांची आत जागेवरून भांडणं चाललीत. कोकराची जवळपास ७० टक्के वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते, त्यात जुळी असली तर गर्भाशय इतकं पसरतं की चाऱ्याचा कोठा बाजूला दाबला जातो, म्हणजे गरज सगळ्यात जास्त आणि खायची जागा सगळ्यात कमी, दोन्ही एकाच वेळी.

कोकरं काही थांबत नाहीत, त्यांना साखर लागते आणि आईच्या रक्तातून ती घेतातच. मग आई स्वतःची चरबी जाळायला काढते, ती एवढी येते की लिव्हरला झेपत नाही, लिव्हरमध्येच चरबी साठते आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं, वाढतात. मेंदूला साखर कमी पडली की मेंढी एकटी राहते, खुराकाकडे येत नाही, दात करकर वाजवते, कान-ओठ थरथरतात, डोळे उघडे असून दिसत नाही, भिंतीला डोकं टेकवून उभी राहते. शेवटी बसते. तोंडाजवळ नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा गोडसर वास येतो, पण तो सगळ्यांच्या नाकाला कळत नाही, त्यामुळे वास नाही आला म्हणून निर्धास्त राहू नका. याला गर्भारपणातला कीटोसिस म्हणतात, जुळ्यांचा आजार असंही म्हणतात. विषबाधा असूच शकत नाही असं मी न बघता म्हणणार नाही, पण डॉक्टर लघवीत किंवा रक्तात कीटोन बघतील आणि पाच मिनिटांत कळेल.

आता ती दुसरी मेंढी. अंक हातात पडेपर्यंत थांबायला लागू नये म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय, पण बाकीच्यांसाठी परत लिहिते. उभी आहे आणि गिळतेय तोवर चान्स आहे, एकदा बसली की फार कमी वाचतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल (अंगात साखर तयार व्हायला मदत करणारं पातळ औषध) ६० मिली दिवसातून दोनदा, साधारण तीन दिवस, तोंडाच्या कडेने सावकाश पाजायचं, घाई केली तर फुप्फुसात जातं. जी मान टाकून पडलीय, गिळत नाही, तिला बाटली लावायचीच नाही. सोबत शिरेतून ग्लुकोज आणि कॅल्शियम हे डॉक्टरांचं काम आहे, आणि दिवस भरत आलेले असतील तर कोकरं लवकर काढायची का हा निर्णय पण त्यांनाच घेऊ द्या, कारण खरा उपाय तोच असतो, ओढणारी तोंडं कमी करणं.

पण माझा जीव उरलेल्या अडतीस मेंढ्यांत अडकलाय. एक गेली, एक आजारी आहे, म्हणजे बाकीच्यांतही काही काठावर असणार, फक्त अजून दिसत नाहीयेत. त्यांना आजपासून त्या निबर गवतावर एकट्यावर ठेवू नका. चांगल्या प्रतीची वैरण, लसूणघास मिळत असेल तर तो, आणि भरडा-पेंडीचा खुराक थोड्यापासून चालू करा (किती ते पुढे एका उत्तरात आहे). आणि एक वेळचं पण खाणं चुकवू नका. लस टोचायला कळप अर्धा दिवस कोंडून ठेवला, कुत्री मागे लागली, गाडीतून हलवलं, दिवसभर पाऊस लागला म्हणून सोडलंच नाही, एवढ्याशा कारणाने काठावरची मेंढी पलीकडे जाते.

प्रश्न : ताई, तुम्ही नेहमी लिहिता की मेंढीच्या पोटाकडे बघू नका पाठ बघा. अहो पण पाठीवर चार बोटं लोकर आहे, दिसणार काय?

उत्तर : दिसणार नाहीच, म्हणून हात लावायचा! मी नवीन नवीन डॉक्टर झाले होते तेव्हा लांबून कळप बघून "छान गुटगुटीत आहेत" असं बोलून मोकळी झाले होते, आणि मग एका म्हाताऱ्या मेंढपाळ काकांनी मला न बोलता एका मेंढीजवळ नेलं आणि माझा हात धरून तिच्या कमरेवर ठेवला. लोकरीखाली नुसती करवत होती. तेव्हापासून लांबून मत द्यायचं सोडलंय.

शेवटची बरगडी संपते त्याच्या लगेच मागे पाठीवर पंजा ठेवायचा. मधे मणक्याची टोकं लागतात आणि दोन्ही बाजूंना आडवी निघालेली हाडं. मणक्याची टोकं टोचतात, आडव्या हाडांच्या खाली बोटं सहज जातात, मधे मांसाचा खळगा, तो एक मार्क. हाडं लागतात पण गोलसर, थोडं दाबलं की बोटं खाली जातात, ते दोन. पाठ भरलेली, हाड शोधायला दाबावं लागतं, तीन. मणक्याची नुसती रेघ लागते, आडवी हाडं सापडतच नाहीत, चार. काहीच हाताला लागत नाही, मधे उलट खाच पडलीय, पाच. अर्धे मार्क पण द्यायचे, अडीच, साडेतीन असे. मेंढा सोडताना तीन ते साडेतीन, व्यायच्या वेळी तीनच्या आसपास, हलक्या काटक जातींत अडीच पण चालतं.

एक मार्क म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्तच, ५० किलोच्या मेंढीत पाच-सहा किलो. एवढं भरून यायला चांगल्या चराईवर पण सहा-आठ आठवडे जातात. म्हणून शेवटच्या पंधरा दिवसांत हात लावून उपयोग नाही, तेव्हा कळतं पण करता काही येत नाही. मेंढा सोडायच्या दीड-दोन महिने आधी, मग गाभ तीन महिन्यांचा झाला की, मग व्यायच्या दीड महिना आधी. दरवेळी सगळा कळप नको, पंधरा-वीस मेंढ्या आल्या तशा धरा, तुमच्या आवडत्या निवडू नका.

आणि लठ्ठ मेंढी पाहून पण खूश होऊ नका, चार-साडेचारवाली सुद्धा कीटोसिसमध्ये जाते, तिच्या पोटातली चरबीच जागा खाते आणि शेवटी तिची भूकही कमी होते. अशीला शेवटच्या महिन्यात उपाशी ठेवून बारीक करायला जाल तर हमखास जाल फसून.

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे तीस-पस्तीस वर्षं मेंढ्या करतात. ते म्हणतात पहिले तीन महिने मेंढीला काही लागत नाही, आत कोकरू मुठीएवढं पण नसतं. मी मात्र मेंढा सोडल्यापासून रोज मका घालतेय. यावरून घरात रोज वाजतं. कोण बरोबर?

उत्तर : मामंजींना सांगा अर्धं तुमचं खरं आहे, आणि तुम्ही पण स्वतःला अर्धेच मार्क द्या.

मेंढीचे दिवस साधारण १४७, पाच महिन्यांना थोडे कमी. ९० व्या दिवशी कोकरू जन्माच्या वजनाच्या सहाव्या भागाएवढं असतं, इथपर्यंत मामंजी बरोबर. पण त्या तीन महिन्यांत आत दुसरं एक काम चालू असतं ते म्हणजे जार तयार होणं. कोकराचं सगळं खाणं त्या जारेतून जाणार आणि ती ९० दिवसांपर्यंत जवळपास पूर्ण झालेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मेंढीची उपासमार झाली तर जारच नीट भरत नाही, मग शेवटी कितीही मका ओता, पाइपच बारीक असेल तर टाकी भरून काय करणार. पहिल्या महिन्याची तऱ्हा अजून वेगळी, गर्भ तेव्हा नुसता तरंगत असतो, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास गर्भाशयाला चिकटायला लागतो, त्या काळात अचानक खाणं तुटलं, लांब पळवलं, कातरणीसाठी धरपकड केली तर गर्भ जिरतो आणि मेंढी परत माजावर आली की आपण मेंढ्याला शिव्या घालतो.

आता तुमच्या मक्याबद्दल. मेंढा सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे खाणं वाढवलं की जास्त अंडी सुटतात आणि जुळ्यांचं प्रमाण वाढतं, विशेष करून मेंढी जरा उतरलेली असेल तर. ते करून झालं, मेंढ्या फळल्या, की मग पाठ तीनवर आहे तिला तीनवरच ठेवायचं. चांगलं कुरण असेल तर त्याला वेगळा मका लागत नाही. रोज घालत राहिलात तर पाचव्या महिन्यात चार-साडेचारच्या मेंढ्या होतील आणि त्या वर लिहिलंय तशा अडचणीत येतील. तंदुरुस्त मेंढी मधल्या दोन महिन्यांत अर्धा मार्क उतरली तरी बिघडत नाही, पण अडीचवालीला तेव्हाच वर आणायचं. शेवटचा दीड महिना मात्र हात आखडायचा नाही, मामंजींना हेही सांगा. कासेची वाढ पण तेव्हाच होते, कमी खाल्लं की चीक कमी येतो आणि चिकट येतो. चार किलोच्या कोकराला जन्मल्यावर पहिल्या काही तासांत २०० मिली आणि पहिल्या दिवसभरात ८०० मिलीच्या आसपास चीक लागतो, दोन असतील तर करा हिशोब. लोकरीची मुळं पण याच काळात कोकराच्या कातडीत भरतात, आईची उपासमार झाली तर त्या कोकराची लोकर जन्मभर कमी राहते.

पहिलटकरणी वेगळ्या ठेवा. त्या स्वतःच अजून वाढतायत, म्हाताऱ्या मेंढ्यांसोबत गव्हाणीवर ढकलल्या जातात. पण त्यांना लाडाने अति खुराक पण नको हं, कोवळ्या वयात गाभण राहिलेल्या मेंढीला सुरुवातीपासून भरमसाठ घातलं की ती स्वतः वाढते आणि जार लहान राहते, कोकरू उलट बारीक होतं. हे ऐकायला उलटं वाटतं पण प्रयोगांत तसंच दिसलंय.

प्रश्न : सर/मॅडम, गोल गोल नको, ग्रॅममध्ये सांगा. ५० किलोची मेंढी, शेवटचा दीड महिना, काय आणि किती?

उत्तर : मॅडम. घ्या ग्रॅममध्ये.

अशा मेंढीला जुळी असतील तर दिवसाला दीड किलोच्या आसपास सुका अंश पोटात जायला पाहिजे, सुका अंश म्हणजे पाणी काढून उरतं ते. पावसानंतर नुकतं आलेलं कोवळं लुसलुशीत गवत असतं ना, त्यात ८०-८५ टक्के पाणीच असतं. म्हणजे दीड किलोसाठी तिला साडेसात ते दहा किलो ओलं गवत खावं लागेल, तेही दबलेल्या पोटात. जमत नाही. म्हातारं गवत जसं फसवतं तसं अगदी कोवळं पण फसवतं, फरक एवढाच की एकात पोट काडीने भरतं आणि दुसऱ्यात पाण्याने. कोवळ्या गवतावर सोडायच्या आधी थोडी सुकी वैरण खाऊन जाऊ दे, संध्याकाळी परत थोडी.

खुराक सहा आठवडे आधी १०० ग्रॅमपासून चालू करा, आठ-दहा दिवसांनी थोडा थोडा वाढवत व्यायच्या वेळी एक कोकरूवालीला २५०-३०० ग्रॅम आणि जुळंवालीला ४००-५०० ग्रॅमपर्यंत न्या. कुरण चांगलं मधल्या वाढीचं असेल, हिरवं पानदार, तर कमी, निबर असेल तर जास्त, आणि दर दोन आठवड्यांनी पाठीवर हात ठेवून दुरुस्त करा, माझा आकडा दगडावरची रेघ समजू नका. सगळं एकदम नको, सकाळ-संध्याकाळ विभागून द्या, एका वेळी २५० ग्रॅमच्या वर जाऊ नका नाहीतर पोटात आम्ल होतं, मेंढी लोळते आणि आपण परत विषबाधा विषबाधा करत फिरतो. नुसता मका-ज्वारीचा भरडा नको, पेंड मिसळा, एकूण खाण्यात प्रोटीन ११ ते १३ टक्के आलं पाहिजे.

गव्हाणीवर एका मेंढीमागे दीड फूट जागा ठेवा. हे लोक मनावरच घेत नाहीत. २० मेंढ्यांना आठ फुटांची गव्हाण, दांडगट दहाजणी दुप्पट खातात, बाकीच्या मागे उभ्या राहून बघतात, आणि आपल्या वहीत मात्र "प्रत्येकी ४०० ग्रॅम" लिहिलेलं असतं. सगळ्या जणी एका वेळी तोंड घालू शकल्या पाहिजेत. खुराक टाकल्यावर पाच मिनिटं तिथंच उभं राहायचं, जी पुढे येत नाही ती आजची पेशंट.

जुळी कुणाला आहेत हे कळण्यासाठी ४५ ते ९० दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करून घेता आली तर बघा आणि दोन गट करा, खुराक वाचतो आणि मेंढ्याही. नाही जमली तर बारीक मेंढ्यांचा गट वेगळा करा, ते तर फुकट आहे.

प्रश्न : गाईंसाठी आणलेलं मिनरल मिक्श्चर शिल्लक आहे, गाभण मेंढ्यांना दिलं तर चालेल का? चांगल्या कंपनीचं आहे.

उत्तर : नाही. कंपनीचा प्रश्न नाही, तांब्याचा आहे. गाईला सोसेल एवढं तांबं मेंढीला सोसत नाही, ते लिव्हरमध्ये महिनोन् महिने साठत राहतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस कसल्यातरी ताणाने, बहुतेक वेळा गाभाच्या शेवटीच, सगळं एकदम रक्तात सुटतं. लाल पेशी फुटतात, डोळे-हिरड्या पिवळ्या, लघवी काळपट लाल, दोन-तीन दिवसांत खेळ खल्लास. मेंढीसाठीच लिहिलेलं मिक्श्चर घ्या. डुकरांचं, कोंबड्यांचं फीड पण नको.

प्रश्न : ताई, शेवटच्या महिन्यातला कळप एका शेतातून दुसऱ्या शेतात नेला, चार-पाच तास गेले. संध्याकाळी एक मेंढी लटपटायला लागली आणि छातीवर बसली, मागचे पाय मागे पसरून. डॉक्टर आले, कातडीखाली कॅल्शियम दिलं आणि तासाभरात उठून चरायला लागली! मग ते कीटोसिस नव्हतं का?

उत्तर : नव्हतं, हा दुग्धज्वर. नावात दूध आहे म्हणून लोकांना वाटतं व्याल्यावरच होतो, गाईत तसं, मेंढीत व्यायच्या आधीच्या चार-सहा आठवड्यांत जास्त. कोकराची हाडं भरत असतात, रक्तातलं कॅल्शियम तिकडे जातं, त्यात चार तास खाणं बंद, झालं. ओळखायची खूण तुम्हीच लिहिलीत. काही तासांत पडते आणि कॅल्शियम दिल्यावर उठते तो दुग्धज्वर, दोन-तीन दिवस रेंगाळत रेंगाळत पडते आणि कॅल्शियमने हलत नाही ते कीटोसिस. दोन्ही एकत्र पण असतात. इंजेक्शन अंगाच्या तापमानाएवढं कोमट करून देतात हे लक्षात ठेवा. धान्यात कॅल्शियम फार थोडं असतं, लसूणघासासारख्या शेंगवर्गी चाऱ्यात भरपूर, त्यामुळे नुसत्या भरड्यावर काढलेला शेवटचा महिना इथेही नडतो.

प्रश्न : व्यायच्या वेळी कोणतं कुरण राखून ठेवावं? आणि जंताचं औषध गाभण मेंढीला चालतं का, कुणी म्हणतं गाभडते.

उत्तर : ज्या कुरणावर गेले काही महिने मेंढ्या-शेळ्या फिरल्या नाहीत ते. गाई-म्हशी चरून गेल्या असतील तर अजून चांगलं, मेंढीचे बहुतेक जंत गाईच्या पोटात जगत नाहीत, ती ते खाऊन साफ करते. जंताची पिल्लं गवताच्या खालच्या पाच सेंटिमीटरमध्ये जास्त असतात, म्हणून गवत चार-पाच बोटांच्या खाली जायच्या आत कळप हलवायचा. याचा दुसरा फायदा असा की गवत परत लवकर फुटतं.

व्यायच्या दोन आठवडे आधीपासून मेंढीची जंतांना रोखायची ताकद ढिली पडते आणि व्याल्यावर सहा-आठ आठवडे तशीच राहते, तेवढ्या काळात ती लेंड्यांतून भरमसाठ अंडी टाकते आणि तीच कोकरांच्या वाट्याला येतात. शेवटच्या दीड महिन्यात प्रोटीन नीट गेलं की हे बरंच कमी होतं, म्हणून पेंडीकडे जंताचं औषध म्हणून पण बघा. बाटलीतल्या औषधाबद्दल, अल्बेंडाझोल पहिल्या महिन्यात नको, त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं, ऐकीव गोष्टीचं मूळ बहुतेक तेच असावं. पुढे कोणतं द्यायचं ते लेंडी तपासून डॉक्टर सांगतील. खालची पापणी ओढून रंग बघा, लालबुंद पाहिजे, पांढरी पडली असेल तर रक्त पिणारा जंत आहे, तिथं वाट बघू नका. सरसकट सगळ्यांना पाजण्यापेक्षा बारीक आणि जुळंवाल्या आधी, एक कोकरूवाल्या धडधाकट काही सोडून द्या, नाहीतर कुरणात फक्त औषधाला दाद न देणारेच जंत उरतात. आणि आंत्रविषाराची लस व्यायच्या साधारण महिनाभर आधी, ती चिकातून कोकरात उतरते. टोचताना उपाशी कोंडू नका, परत तेच.

प्रश्न : आमच्या एका मेंढीला एक डोळ्याचं कोकरू झालं, कपाळाच्या मधोमध डोळा. मेलेलंच होतं. चरण्यातलं काही कारण असू शकतं का?

उत्तर : असू शकतं, नेहमी असतंच असं नाही. याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेत आयडाहोच्या डोंगराळ कुरणांवर १९५० च्या दशकात अशी एकडोळी कोकरं बरीच व्हायला लागली होती. शोधता शोधता बरीच वर्षं गेली तेव्हा कळलं की तिथं उगवणारी व्हेराट्रम नावाची एक वनस्पती मेंढीने गाभाच्या १४ व्या दिवसाच्या आसपास खाल्ली तर असं होतं. १४ वा दिवस, पुढे-मागे खाल्ली तर एकडोळं होत नाही! मेंढी स्वतः बऱ्यापैकी ठणठणीत. अशा मेंढ्यांचे दिवस पण लांबायचे कारण व्यायची वेळ झाली हा इशारा कोकराच्या मेंदूकडून येतो आणि तो भागच बिघडलेला. त्या वनस्पतीतल्या द्रव्याला सायक्लोपामाइन नाव पडलं आणि त्याच्या अभ्यासातून पुढे माणसाच्या त्वचेच्या एका कॅन्सरवरची औषधं निघाली, कुठून कुठे गेलं बघा.

तुमच्याकडे एकच कोकरू असेल तर जन्मजात दोष म्हणून सोडून द्या. दोन-तीन झाली तर मात्र मेंढा कोणत्या तारखेला सोडला आणि त्यानंतर पंधरा दिवस कळप कुठं चरला ते काढा, डॉक्टरांना ते कुरण दाखवा. रोजच्या धोक्याचे पदार्थ यापेक्षा साधे आहेत. ज्वारीचे कोवळे फुटवे, विशेषतः पाण्याचा ताण पडून परत फुटलेले, त्याने किराळ लागते (सायनाइडची विषबाधा), मिनिटांत मेंढी जाते. बुरशी आलेली वैरण आणि खराब झालेला मुरघास, त्याने मेंढ्या गाभडतात, मेंदूचा आजार पण होतो. "थोडीच बुरशी आहे, गाभण नसलेल्यांना घालू" असं कुणी म्हणत असेल तर तेही नको.

प्रश्न : डॉक्टर, जरा वेगळा प्रश्न आहे. मला स्वतःला सातवा महिना आहे आणि मेंढ्या पुढच्या आठवड्यात व्यायला लागतील. दरवर्षी मीच विणं सांभाळते. यावर्षी केलं तर चालेल ना, मोजे घालून?

उत्तर : नाही गं बाई, मोजे घालून पण नाही. मेंढ्या गाभडायला कारण असलेले काही जंतू, क्लॅमिडिया, टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया वगैरे, जारेत, पाण्यात, नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगावर असतात आणि ते बाईच्या पोटातल्या बाळाला पण धोकादायक आहेत. मेंढी दिसायला निरोगी असली तरी. विणं, चीक पाजणं, गारठलेलं कोकरू स्वयंपाकघरात आणून शेकणं, यातलं काहीच यावर्षी तुझं नाही. जे हे काम करतील त्यांचे कपडे-बूट तू धुवायचे नाहीत, आणि त्यांनी हातपाय धुऊनच घरात यायचं. जवळ गेली असशील आणि ताप वगैरे वाटला तर आजच तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि मेंढ्यांचं आवर्जून सांग, ते आपणहून विचारतीलच असं नाही. खुराकाची वही लिहायचं काम घे, बसून होतं, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त चुका तिथंच असतात.

प्रश्न : ओल्या गवतावर असलेल्या गाभण मेंढीला वेगळं पाणी लागतं का?

उत्तर : कोवळ्या ओल्या गवतावर फार कमी पिते, कधी कधी दिवसभर पिताना दिसत पण नाही, घाबरू नका. पण तीच मेंढी सुकी वैरण आणि खुराकावर आणली की, त्यात जुळी असली तर, दिवसाला सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. पाणी कमी पडलं की सुका चारा खाणं लगेच कमी होतं. टाकी उंच असेल तर जड पोटाची मेंढी वाकायचा कंटाळा करते. आणि पाण्यात लेंड्या पडल्या असतील तर मेंढी वास घेऊन मागे फिरते, तुम्हाला टाकी भरलेली दिसते आणि वाटतं तहान नाहीये.